जिजींनी न केलेली सही

माझ्या थोरल्या नणंदेचं आयुष्यात कुणाशीही भांडण झालेलं नाही. त्यांनी फक्त कुठलाही विषय अर्ध्यावर सोडलेला नाही. हा फरक त्यांनी मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत समजावून सांगितला होता, आणि त्या तो सांगत असताना, ज्याच्यावरून विषय निघाला तो दूधवाला दारात बरणी धरून तसाच उभा होता, कारण 'जाऊ का' असं विचारायची त्याची हिंमत नव्हती. आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणतो. त्यांचे यजमान कागद कारखान्यात होते आणि त्या तिथल्याच वसाहतीच्या शाळेत लहान वर्गांना शिकवत. यजमान गेल्यावर त्या बुऱ्हाणपूरला आमच्याकडे, घराच्या पुढच्या खोल्यांत राहायला आल्या. येताना वसाहतीतून सामान फारसं आणलं नाही, पण एक समजूत मात्र पक्की बांधून आणली: संस्था कितीही मोठी असो, तिच्या आत कुठेतरी एक माणूस बसलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत पोचलं की काम होतं. हा माणूस सापडेपर्यंत त्या थांबत नसत.

एका नवरात्रात आम्ही इच्छापुरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. परत खाली उतरलो तर जिजींच्या चपला गेलेल्या, आणि त्यांच्यासारख्याच पण दुसऱ्या कुणाच्या तरी पायाला झिजलेल्या चपला जागेवर. जाऊ द्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं. जिजी शेवटच्या पायरीवर बसल्या, त्या परक्या चपला पुसून शेजारी नीट मांडून ठेवल्या आणि म्हणाल्या, "बाईची चूक झाली आहे. पाय दुखायला लागले की कळेल तिला." ऊन कलायला लागलं तेव्हा एक बाई बसस्टँडकडून लंगडत येताना दिसली. जिजी तिला लांबूनच ओळखीची असल्यासारख्या हसल्या. पुढे त्या बाईच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सहकुटुंब जळगावला जेवून आलो.

वाचायचा त्यांचा हव्यास असा, की औषधाच्या बाटलीवरचा मजकूर त्या औषध संपेपर्यंत रोज वाचत. मोबाइलमध्ये काही नवीन घ्यायचं झालं की खाली बारीक अक्षरात ज्या शर्ती येतात, त्या जगात बहुधा दोनच माणसांनी वाचल्या असतील, एक लिहिणाऱ्याने आणि एक जिजींनी. 'मी सहमत आहे' या बटनावर बोट ठेवायच्या आधी त्या मला हाक मारत आणि विचारत, "इथे म्हणतात की कुठलंही कारण न देता सेवा बंद करू. कारण का नाही देणार? आपण काही लागतो की नाही त्यांचे?" सेवा केंद्राला फोन लावला की पलीकडच्या मुलीचं गाव, तिच्या आईची तब्येत आणि ती डबा आणते की बाहेरचं खाते हे आधी विचारून होई, मग तक्रार. फोन धरून ठेवायला सांगितला की त्या तो स्पीकरवर टाकून गहू निवडत बसत. तिथे वाजणारी ती एकच एक धून आमच्या ह्यांना इतकी पाठ झाली होती की ते दाढी करताना तीच गुणगुणत.

पण या सगळ्या चिवटपणाच्या खाली एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. शाळेत शिकवत असताना त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचं नव्या कंपासपेटीतलं सामान हरवलं. मोठ्या बाई झडती घ्यायला आल्या. जिजी वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या वर्गाची झडती होणार नाही. एकाने घेतलं असेल, पण दप्तरं सगळ्यांची उघडली जातील, आणि उद्यापासून ही मुलं एकमेकांकडे त्याच नजरेने पाहतील. त्यांना त्याबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं. सामान कधी सापडलं नाही. हे सांगताना त्या कधीही विजयी चेहरा करत नसत. सापडलं नाही ते नाही, एवढंच म्हणत.

तर जुन्या फोनची गोष्ट. आमच्या मुलीने पुण्याहून आग्रह करून जिजींसाठी नवा फोन मागवला, जुना द्या आणि नवा घ्या अशा योजनेतून. नवा आधी घरी येतो, सोबत एक रिकामा खोका येतो, त्यात जुना फोन घालून परत पाठवायचा. तो पोचला आणि तपासून झाला की व्यवहार पुरा. जिजींनी शर्ती वाचायला एक अख्खी दुपार घेतली आणि मग हो म्हणाल्या. जुन्या फोनसाठी त्यांनी नऊवारीच्या काठाची छोटी पिशवी शिवली. मी म्हटलं, जिजी, तो मोडीत काढतील, त्याला पिशवी कशाला. त्या म्हणाल्या, मोडीत काढतील ते त्यांचं, घरातून उघडा नाही जाणार.

खोका न्यायला भागवत आला. कुरियरच्या या माणसाला आमची गल्ली कित्येक वर्षं ओळखते. जवळच्या दापोऱ्याचा, चाळिशी ओलांडलेला, स्कूटरवर दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवलेल्या. जिजींचा गॅसचा सिलिंडर तोच आत सरकवून द्यायचा, त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख तोच वाचून दाखवायचा. गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा त्याच्या स्कूटरचा आवाज कळे. त्या दिवशी मी घरी नव्हते, हे सगळं मला जिजींनी नंतर सांगितलं. त्यांनी स्वतः फोन पिशवीत आणि पिशवी खोक्यात ठेवली. भागवतने चिकटपट्टी लावून खोका बंद केला. मग जिजींनी देव्हाऱ्यातून हळदकुंकू आणलं आणि खोक्याच्या कोपऱ्यावर दोन बोटं ओढली. इतकी वर्षं घरात राहिलेली वस्तू, जाताना मोकळ्या कपाळाने कशी जाईल. भागवतला नियमाप्रमाणे बंद खोक्याचा फोटो काढावा लागतो, तो काढताना हसत होता. कंपनीवाले म्हणतील ही काय पूजा करून पाठवली, असं काहीतरी बोलला आणि गेला.

थोड्याच दिवसांत निरोप आला. आपल्या खोक्यात फोन आढळला नाही. फरशीचा तुकडा आढळला.

जिजींनी तो निरोप दोनदा वाचला आणि सेवा केंद्राला फोन लावला. पहिल्या मुलीने दुसरीकडे जोडून दिलं, दुसरीने तिसऱ्याकडे. प्रत्येकाने माफी मागितली आणि प्रत्येकाने तेच वाक्य वाचून दाखवलं. आमच्याकडे खोका उघडतानाचं चित्रण आहे, म्हणाले. जिजी म्हणाल्या, मग दाखवा. ते दाखवता येत नाही, म्हणाले. का नाही, असं विचारलं की पुन्हा तेच वाक्य. आठवडाभर असं चाललं. त्यांच्या बोलण्यातून गावं आणि आया हळूहळू गेल्या, फक्त तक्रार उरली, आणि एक दिवस पलीकडचा मुलगा जरा चढ्या आवाजात म्हणाला की मॅडम, फरशी आपोआप तर नाही ना जाणार खोक्यात. जिजींनी फोन हळूच खाली ठेवला. कुणीतरी त्यांना खोटारडी म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी.

मग कुरियरच्या इथल्या कचेरीतला मुख्य माणूस घरी आला. तरुण, नम्र, चप्पल दाराबाहेर काढून बसला. त्याने एक छापील कागद काढला आणि सगळं सोपं करून सांगितलं. खोका तुमच्यासमोर बंद झाला नाही, एवढंच लिहून द्या. मग जबाबदारी न्यायला आलेल्या माणसाची होते, तुमचा विषय मिटतो. नाही दिलंत तर कंपनी असं धरून चालेल की फरशी तुम्हीच पाठवली. जिजींनी विचारलं, भागवतचं काय होईल. तो म्हणाला, कंपनीच्या ॲपमधला त्याचा नंबर तर बंद केलाच आहे, चार दिवस झाले तो कामावर नाही. पुढे पोलिसात द्यायचं की नुसतं काढायचं ते वरचे ठरवतील. हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला आधी कळलंच नाही. भागवत चार दिवस दिसला नव्हता आणि आम्हाला वाटलं होतं गावी लग्न असेल.

जिजी म्हणाल्या, विचार करून सांगते. तो गेल्यावर हे म्हणाले, "जिजी, तू सही करून टाक. आपल्याला काय माहीत कुणाच्या मनात काय आहे ते." जिजी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ज्या बाईचा विषय कधी अर्ध्यावर सुटला नाही, ती गप्प बसली म्हणजे घराचं काय होतं ते सांगता येत नाही. कागद देव्हाऱ्याशेजारी पाटाखाली ठेवलेला. त्या जेवत, पूजा करत, गच्चीवर वाळवण उलटंपालटं करत, पण त्यांच्याशी बोलायला आमची जीभ उचलत नव्हती. त्या सही का करत नाहीत ते मला समजत होतं. पण मग 'खोका माझ्यासमोर बंद झाला' असं ठणकावून सांगत का नाहीत, हे मला कळेना. शेवटी मी विचारलंच.

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाल्या, "मी आत गेले होते गं. चहा ठेवायला. खोक्यात पिशवी ठेवली, तेव्हा मी होते. बाहेर आले तेव्हा त्याची पट्टी लावून झाली होती. मधलं मी पाहिलं नाही."

मला वाटलं होतं की यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. चहा ठेवायला किती वेळ लागतो. पण जिजींकडे पाहिलं आणि कळलं, हाच काटा होता. कागदावरचं वाक्य अक्षरशः खरं होतं. त्यावर सही केली तर खोटं काही होणार नव्हतं, फक्त एका माणसाचं आयुष्य मोडणार होतं. आणि भागवतला वाचवायचं तर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावं लागणार होतं. "तुम्हाला शंका येते का त्याची?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "नाही येत. पण त्यांना काय सांगू, की मला येत नाही म्हणून तुम्हीही घेऊ नका?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच भागवत स्वतः आला. स्कूटर नव्हती, चालत आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच उभा राहिला. त्याचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण तो मान वर न करता बोलत होता.

"ताई, सही करून द्या. कचेरीवाले बोलले, तुम्ही सही दिली तर ते पोलिसात नाही जाणार, नुसतं कामावरून काढतील. मले दुसरं काम भेटून जाईल. पोलीस घरी आले तर माझी माय नाही सहन करणार."

जिजी म्हणाल्या, "तू घेतलास?"

"नाही."

"मग?"

"नाही घेतला म्हणून कोण मानून राहिलं, ताई."

जिजी उठल्या, पाटाखालचा कागद काढला आणि घडी करून पिशवीत टाकला. ह्यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, इंदूरची बस कितीला आहे. खोके जिथे उघडले जातात ते गोदाम इंदूरच्या बाहेर आहे, एवढं त्यांना त्या लांबलचक फोनांमधून कळलं होतं. भागवतला म्हणाल्या, चल. तो नको नको म्हणत होता. मला म्हणाल्या, तूही चल, मला चढउतार करायला हात लागेल. ह्यांनी एकदाच विचारलं की तिथे तुला आत कोण सोडणार. जिजी म्हणाल्या, कुणीतरी असेलच बसलेलं.

असीरगडचा डोंगर मागे पडला. भागवत मागच्या सीटवर बसला होता, घडीचा शर्ट घालून, नोकरी मागायला निघाल्यासारखा. जिजी खिडकीबाहेर पाहत होत्या. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ती गोदामवाल्यांची नव्हती. तिथे जाऊन जिजी ते चहाचं सांगतील, याची होती. त्या सांगतील हे मला ठाऊकच होतं, आणि भागवतला त्याची कल्पना नव्हती.

गोदामाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. ग्राहकांना परवानगी नाही म्हणाला. जिजी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसल्या. ऊन चढलं. ट्रक येत होते, जात होते. पहारेकऱ्याने आधी दोनदा जायला सांगितलं, मग पाणी आणून दिलं, मग आत फोन केला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथला व्यवस्थापक बाहेर आला, पन्नाशीचा, थकलेल्या चेहऱ्याचा. त्याने हिंदीत विचारलं, अम्मा, काय पाहिजे तुम्हाला. जिजी म्हणाल्या, खोका उघडतानाचं चित्रण पाहायचं आहे. त्याने त्यांच्याकडे आणि मागे उभ्या भागवतकडे पाहिलं आणि आम्हाला आत घेऊन गेला.

त्याच्या छोट्याशा खोलीत त्याने नियमाचा पहिला प्रश्न विचारला. खोका तुमच्यासमोर बंद झाला होता का?

जिजी म्हणाल्या, "नाही. मैं चाय रखने अंदर गई थी. उतना टाइम मैंने नहीं देखा."

भागवतने पहिल्यांदा मान वर केली. मला त्याच्याकडे पाहवेना. व्यवस्थापकाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, मग अम्मा, आता विषयच संपला. जिजी जागच्या हलल्या नाहीत. "देखा होता तो फोन पे ही बोल देती, बेटा. इतनी दूर क्यों आती? नहीं देखा, इसलिए आई हूँ. मी त्याला ओळखते, पण ते तुला पुरेसं नाही हे मला समजतं. म्हणून तू दाखव. तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही."

त्याने संगणक आमच्याकडे वळवला. पडद्यावर एक टेबल, हातमोजे घातलेले दोन हात आणि जिजींच्या नावाचं लेबल लावलेला खोका. हातांनी खोका सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवला, मग पट्टी कापली. आत चुरगळलेला कागद आणि फरशीचा तुकडा. एवढंच. जिजींनी पुन्हा लावायला सांगितलं. त्याने लावलं. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"याला कुंकू नाही," त्या म्हणाल्या.

व्यवस्थापकाला कळलं नाही. मलाच आधी कळलं आणि मी भागवतकडे वळले, पण त्याच्याही ते लक्षात आलं होतं. फोटो, तो म्हणाला, मी पिकअपचा फोटो काढला होता. त्याचा नंबर बंद केल्यामुळे त्याच्या फोनवरून ते सगळं गेलं होतं, पण कंपनीकडे असणारच. व्यवस्थापकाने शोधायला वेळ घेतला. मग फोटो उघडला. आमच्या ओट्यावरचा खोका, मागे जिजींच्या साडीचा पदर, आणि कोपऱ्यावर हळदीकुंकवाची दोन ठळक बोटं. त्याने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. एक कुंकू लावलेला, एक कोरा करकरीत. लेबल एकच, खोके दोन.

दोन्ही गोष्टी कंपनीकडे पहिल्या दिवसापासून होत्या. कुणी एकत्र पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

"रास्ते में बदला है," व्यवस्थापक हळूच म्हणाला. आमच्या घरून निघालेला खोका गोदामात पोचलाच नव्हता. मधे कुठल्यातरी ठिकाणी लेबल काढून दुसऱ्यावर चिकटवलं होतं. कुठे आणि कुणी, ते तो सांगू शकत नव्हता. पण जो खोका या माणसाने दिला तो गोदामात आलाच नाही, मग त्यात काय होतं याचा दोष याच्यावर येत नाही, असं त्याने आमच्यासमोरच लिहून वर पाठवलं. जिजींनी पिशवीतून तो घडीचा कागद काढून त्याच्या टेबलावर ठेवला. "हे तुमचं आहे," म्हणाल्या. बाहेर आल्यावर भागवत फाटकाशेजारी उकिडवा बसला आणि खूप वेळ उठला नाही. जिजींनी त्याला उठवलं नाही. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, त्याच्यावर सावली पडेल अशा.

जुना फोन काही सापडला नाही. व्यवहार जिजींच्या बाजूने मिटल्याचा निरोप आला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, की आपल्या पत्त्यावर ही योजना यापुढे उपलब्ध नाही. कारण दिलं नव्हतं. जिजींनी त्यावर आश्चर्य म्हणजे फोन लावला नाही. भागवतचा नंबर चालू झाला, पण त्याला आमच्या गल्लीत परत घातलं नाही. खकनारकडची गावं दिली, लांबची, तुकईथडपर्यंतची. आमच्याकडे एक नवा मुलगा येतो. तो दारात पाकीट ठेवून फोटो काढतो आणि बेल वाजायच्या आत निघून जातो.

या वर्षी उन्हाळ्यात आम्ही तुकईथडला ह्यांच्या मित्राकडे मुंजीला गेलो होतो. परतताना गावाबाहेर रस्त्याच्या कडेला स्कूटर दिसली. जिजींनी गाडी थांबवायला सांगितली. भागवत एका घराच्या कुंपणाबाहेर उन्हात उभा होता. आतून म्हातारे गृहस्थ सावलीत बोलवत होते, आणि तो तिथूनच नको नको म्हणून हात हलवत होता. शेवटी ते म्हातारेच काठी टेकत बाहेर आले, सही केली आणि आत गेले. मग त्याने आम्हाला पाहिलं. धावत आला, जिजींच्या पाया पडला. जिजींनी मायची तब्येत विचारली, तर बरी आहे म्हणाला. मुलगी बारावीला आहे म्हणाला. कामाचं बरं चाललं आहे. जिजींनी विचारलं की त्या बिचाऱ्यांना उन्हात का बोलावलंस, आत का नाही गेलास.

तो जरा हसला. "आता मी कोणाच्याच घरात नाही जात, ताई," तो म्हणाला. "बाहेरच बरं वाटतं."

मग त्याला पुढचं गाव गाठायचं होतं. स्कूटर धुळीत दिसेनाशी होईपर्यंत जिजी गाडीबाहेर उभ्या होत्या. आम्ही सगळे बसलो, गाडी निघाली, बराच रस्ता मागे पडला. ह्यांनी मुंजीतल्या जेवणाचा विषय काढून पाहिला. केळीच्या बागा दोन्ही बाजूंनी जात होत्या. जिजींनी माझा हात हातात घेतला आणि बाहेरच पाहत म्हणाल्या, "काम तर परत मिळालं गं त्याला. पण तो आधी असा नव्हता."